तीन गोळ्यांचा ग्रुप आणि .३०८ चे घरी भरलेले काडतूस

पेन्सिल्व्हेनियात राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे .३०८ विंचेस्टरची रेमिंग्टन ७०० ही बोल्ट-ॲक्शन रायफल आहे आणि थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होणाऱ्या हरणांच्या हंगामासाठी ते यंदा स्वतः काडतुसे भरत आहेत. पावडरचे वजन ०.३ ग्रेनने (ग्रेन हे सुमारे ०.०६५ ग्रॅमचे एकक) वाढवत त्यांनी आठ लोड, म्हणजे काडतूस भरण्याचे आठ निरनिराळे मेळ, तयार केले, प्रत्येक लोडच्या तीन गोळ्या १०० यार्डांवर झाडल्या आणि त्यांतील एका लोडने अर्ध्या इंचाचा ग्रुप दिला, म्हणजे सर्वांत दूरच्या दोन छिद्रांतले अंतर तेवढे होते. पुढच्या आठवड्यात त्याच लोडने दीड इंचाचा ग्रुप टाकला. मधल्या काळात काय बिघडले, हे त्यांना समजून घ्यायचे आहे.

बहुधा काहीच बिघडलेले नाही. पहिल्या दिवशी जे सापडले असे आपल्याला वाटले, तेच मुळात सापडलेले नव्हते. एकाच रायफलीने, एकाच लोडने झाडलेल्या तीन-तीन गोळ्यांचे ग्रुप एकमेकांपासून फार वेगळे येतात. तीन गोळ्यांच्या ग्रुपची सरासरी १ इंच असेल, तर त्यांतला एखादा अर्ध्या इंचाचा आणि एखादा दीड इंचाचा निघणे हे त्या रायफलीचे नेहमीचे वागणे झाले. आपण आठ लोड झाडून त्यांतला सर्वांत लहान ग्रुप निवडलात. ते आठही लोड हुबेहूब सारखे असते, तरी आठांतला सर्वांत लहान ग्रुप अर्ध्या इंचाच्या आसपासच आला असता. म्हणजे पावडरच्या त्या विशिष्ट वजनात काही गुण होता, याचा पुरावा आपल्या कागदी टार्गेटवर नव्हता.

आणखी एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. ज्या लोडचे तीन गोळ्यांचे ग्रुप सरासरी १ इंचाचे येतात, त्याच लोडच्या दहा गोळ्या एका टार्गेटवर झाडल्या तर ग्रुप सरासरीने १.६ इंचाचा येतो. रायफल खराब झालेली नसते, तिचा खरा पसारा दिसू लागलेला असतो. गोळीचा वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफच्या आकड्यांचेही तसेच आहे. पाच गोळ्यांच्या वेगाचे प्रमाणित विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, १२ फूट प्रति सेकंद आले, तर त्या लोडचे खरे विचलन ७ पासून ३४ पर्यंत कुठेही असू शकते, आणि दहा गोळ्या झाडल्या तरी ही कक्षा ८ ते २२ इतकी रुंद राहते. एका लोडचे विचलन ९ आणि दुसऱ्याचे १४ म्हणून पहिला निवडला, हा निर्णय पाच-पाच गोळ्यांवर घेतला असेल तर तो फारसा भरवशाचा नसतो. पावडर पायरीपायरीने वाढवण्याची, ऑडेट यांची शिडी म्हणून ओळखली जाणारी चाचणी किंवा पावडरचे सर्वोत्तम वजन शोधण्याची डॅन न्यूबेरी यांची ओसीडब्ल्यू पद्धत नावाजलेल्या आहेत आणि त्यांतून शिस्त लागते हे खरे आहे. परंतु दोन-तीन गोळ्यांच्या जोरावर त्यांतून ‘नोड’ (वजन थोडे बदलले तरी गोळ्या एकाच जागी पडतात तो टप्पा) शोधून काढणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना तोच नोड दुसऱ्यांदा सापडत नाही, असे माझे निरीक्षण आहे.

आता शिकारीला किती अचूकता लागते, ते पाहू. पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या छातीतील मर्मस्थान साधारण ८ इंच व्यासाचे धरतात. १०० यार्डांवर दीड इंच देणारी रायफल २०० यार्डांवर ३ इंचांत गोळ्या टाकेल, म्हणजे नेमाच्या बिंदूपासून दीड इंच इकडे किंवा तिकडे. त्याच अंतरावर ताशी १० मैलांचा आडवा वारा .३०८ ची १६५ ग्रेनची गोळी सुमारे ३ इंच सरकवतो. वेगातल्या फरकाचे म्हणाल तर २० फूट प्रति सेकंद इतक्या तफावतीने २०० यार्डांवर गोळी इंचाच्या पाचव्या भागाइतकीही वरखाली होत नाही. ३०० यार्डांवर हा फरक अर्ध्या इंचाच्या आत राहतो. पेन्सिल्व्हेनियाच्या रानात बहुतेक हरणे यापेक्षा कितीतरी जवळून मारली जातात. त्यामुळे पावडर एक दशांश ग्रेन इकडेतिकडे करण्यात जे श्रम जातात, ते गुडघ्यावर बसून किंवा झाडाला टेकून नेम धरण्याच्या सरावात गेले तर हरणाच्या दृष्टीनेही बरे.

याचा अर्थ लोड निष्काळजीपणे बनवावा असा नाही. काळजी कुठे घ्यायची, तिचा क्रम बदलावा लागतो. सर्वप्रथम रायफल तपासावी. दुर्बिणीच्या बेसचे आणि रिंगांचे स्क्रू तसेच ॲक्शनचे (बोल्ट ज्यात सरकतो त्या भागाचे) स्क्रू उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कला (पिळाच्या जोराला) घट्ट आहेत का, बॅरल स्टॉकला (दस्त्याला) कुठे टेकत नाही ना, बॅरलच्या तोंडाशी खरचटल्याची खूण नाही ना, आणि आत तांब्याचा थर साचलेला नाही ना, एवढे पाहून दोन वेगळ्या प्रकारची फॅक्टरीची काडतुसे झाडून पाहावीत. दोन्ही प्रकार अडीच इंचांवर पसरत असतील तर दोष काडतुसात शोधण्यात अर्थ नाही.

त्यानंतर गोळी निवडावी. अचूकतेत सर्वांत मोठा फरक गोळी बदलल्याने पडतो, आणि जनावर लवकर व स्वच्छ पडते की नाही हेही तीच ठरवते. सिएराची मॅचकिंग ही टार्गेटसाठीची गोळी कागदावर सुंदर ग्रुप देते, पण खुद्द सिएरा कंपनीच ती शिकारीसाठी सुचवत नाही. .३०८ मध्ये हरणासाठी १५० किंवा १६५ ग्रेनची, शिकारीसाठीच घडवलेली गोळी पुरेशी आहे. नॉसलर, हॉर्नाडी, सिएरा यांपैकी कुणाचीही चालेल. पूर्ण तांब्याची गोळी घ्यायची असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि तिला स्थिर ठेवायला आट्यांचा (बॅरलच्या आतील पिळदार चरांचा) फेरा जलद लागतो. .३०८ च्या अनेक जुन्या रायफलींत १२ इंचांत एक फेरा असतो, तेथे जड तांब्याच्या गोळीपेक्षा १५० ग्रेनचीच बरी. दुसरे असे की काडतूस चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत) असताना या गोळ्यांना आट्यांपासून अधिक अंतर मानवते. बार्न्स कंपनी ०.०५० इंचापासून सुरुवात करायला सांगते. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना सर्वत्र बंदी आहे. पेन्सिल्व्हेनियात तशी सक्ती नसली, तरी घरात लहान मुले हरणाचे मांस खाणार असतील तर मी तांब्याकडेच झुकेन. २००८ मध्ये नॉर्थ डकोटाच्या आरोग्य खात्याने दान म्हणून आलेला हरणाचा खिमा शिशाच्या कणांमुळे वाटू नये असे अन्नछत्रांना कळवले होते, हे विसरण्यासारखे नाही.

आता पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची पितळी कवचे. आपण फॅक्टरीच्या वेगवेगळ्या खोक्यांतल्या रिकाम्या पुंगळ्या एकत्र करून भरल्या असतील, तर आधी त्या वेगळ्या कराव्यात. एकाच कंपनीच्या, शक्यतो एकाच लॉटच्या आणि तितक्याच वेळा झाडलेल्या पुंगळ्या एका गटात असाव्यात. लष्करी बनावटीच्या पुंगळीची भिंत बहुधा जाड असते. आतली जागा कमी झाल्याने त्याच पावडरला दाब अधिक चढतो. ती पुंगळी व्यावसायिक पुंगळीच्या लोडला वापरू नये. प्रत्येक पुंगळीचे वजन करून त्यांची प्रतवारी लावणे मात्र शिकारीच्या रायफलीसाठी मला वेळेचा अपव्यय वाटतो.

फुल लेंग्थ डाय (झाडलेली पुंगळी दाबून पुन्हा मापात आणणारा साचा) कशी लावली आहे, याकडे मी सर्वांत अधिक लक्ष देईन. डायसोबत आलेल्या कागदावर शेलहोल्डरला (पुंगळी धरून ठेवणाऱ्या भागाला) टेकेपर्यंत डाय खाली आणा आणि आणखी थोडी फिरवा, असे लिहिलेले असते. तसे केले की पुष्कळ रायफलींत पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतरता भाग) गरजेपेक्षा बराच मागे ढकलला जातो. मग प्रत्येक बाराला पुंगळी पुढे-मागे ताणली जाते आणि तळाच्या वरच्या बाजूला आतून पातळ होत जाते. बोल्ट-ॲक्शन रायफलीत झाडलेल्या पुंगळीपेक्षा खांदा ०.००१ ते ०.००२ इंच मागे गेला की पुरे. हे डोळ्यांनी कळत नाही. खांद्यापर्यंतचे माप दाखवणारा, कॅलिपरला लावायचा हेडस्पेस कंपॅरेटर घ्यावा लागतो आणि तो महाग नाही.

पुंगळी पातळ होत आहे का, हे पाहण्याची एक जुनी रीत आहे. कागदाला लावायची साधी तारेची क्लिप सरळ करावी, तिचे टोक काटकोनात जेमतेम दोन मिलिमीटर वाकवावे आणि ते घासून टोकदार करावे. पुंगळीत ती तळापर्यंत सोडून टोक भिंतीला हलके दाबत वर ओढावी. चांगल्या पुंगळीत टोक सलग सरकते. तळापासून साधारण पाव ते अर्धा इंच वर टोक एखाद्या चरात अडकल्यासारखे थबकले, तर तेथे भिंत झिजली आहे. बाहेरून त्याच उंचीवर चकचकीत कडे दिसेल किंवा दिसणारही नाही. अशी पुंगळी पक्कडीने चेपून भंगारात टाकावी, म्हणजे ती चुकून पुन्हा खोक्यात जाणार नाही. पुढच्या बाराला ती दुभंगली तर तापलेला वायू बोल्टकडून, म्हणजे आपल्या चेहऱ्याकडून, वाट काढतो.

पुंगळीची लांबीही मोजावी. .३०८ ची कमाल लांबी २.०१५ इंच आहे आणि कापून ती २.००५ वर आणतात. मान लांबून चेंबरच्या टोकाला टेकली की गोळी चिमटली जाते आणि दाब वाढतो. हा दोष बाहेरून मुळीच दिसत नाही.

पावडरविषयी लिहिताना एक गोष्ट मी जाणूनबुजून टाळतो. कोणत्या पावडरचे किती ग्रेन, हा आकडा मी देणार नाही, आणि कुणी तोंडी दिला तर आपणही घेऊ नये. तो पावडर बनवणाऱ्याच्या किंवा गोळी बनवणाऱ्याच्या चालू माहितीपत्रकातूनच घ्यावा आणि तेथे दिलेल्या सुरुवातीच्या वजनापासून वर जावे. सुरुवातीच्या वजनाच्या खालीही जाऊ नये. संथ जळणारी पावडर पुंगळीत फार कमी भरली तर ती विचित्र रीतीने पेटते आणि दाब अचानक उसळू शकतो. टेबलावर एका वेळी एकच पावडरचा डबा असावा. एच ४३५० आणि आयएमआर ४३५० या सारख्या आकड्याच्या पण भिन्न पावडरी आहेत. एच ४८९५ आणि आयएमआर ४८९५ यांचेही तेच. लेबल अर्धवट वाचणाऱ्याला हा धंदा झेपत नाही.

माझी पद्धत अशी आहे. एक गोळी, एक पावडर, एक प्रायमर (पुंगळीच्या तळाला बसणारी, पावडर पेटवणारी टोपी) आणि एका लॉटच्या पुंगळ्या ठरवायच्या. सुरुवातीच्या वजनापासून अर्ध्या-अर्ध्या ग्रेनने चढत प्रत्येकी एकच काडतूस भरायचे आणि क्रोनोग्राफ लावून झाडायचे. या टप्प्यावर ग्रुप पाहायचाच नाही. पाहायचा तो वेग आणि दाबाची लक्षणे. बोल्ट उचलताना जड लागणे, पुंगळीच्या तळावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाचा) चकचकीत ठसा उमटणे, प्रायमरच्या कडा पूर्ण सपाट होणे, ही लक्षणे दिसली तर थांबायचे. मात्र ती दिसली नाहीत म्हणून दाब सुरक्षित आहे असे समजायचे नाही, कारण .३०८ साठी ठरवलेली ६२,००० पीएसआयची (पाउंड प्रति चौरस इंच) मर्यादा ओलांडली गेल्यावरच ती पुष्कळदा उमटतात. क्रोनोग्राफ अधिक भरवशाचा साक्षीदार आहे. माहितीपत्रकात २४ इंची बॅरलमधून कमाल वजनाला जो वेग दिला आहे, तोच वेग आपल्या २२ इंची बॅरलमधून त्याहून कमी वजनाला मिळत असेल, तर ती फुकट मिळालेली देणगी नसते, दाब वाढल्याची खूण असते.

कमाल वजनाच्या थोडे अलीकडचे, १६५ ग्रेनच्या गोळीला २,६०० ते २,७०० फूट प्रति सेकंदांच्या दरम्यान नेणारे एक वजन निवडावे आणि त्याची दहा काडतुसे भरावीत. शिकारीच्या रायफलीचे बॅरल बारीक असल्याने ती सलग झाडू नयेत. तीन झाडून बॅरल हाताला कोमट लागेपर्यंत थांबावे, आणि पुन्हा त्याच टार्गेटवर तीन. दहा गोळ्या २ इंचांच्या आत आल्या तर हरणासाठी लोड तयार झाला असे मी म्हणेन. अडीच-तीन इंच पसरल्या, तर पावडर ०.२ ग्रेनने वरखाली करत बसू नये. गोळी बदलावी, आणि तेवढ्याने भागले नाही तर पावडर बदलावी. मोठ्या बदलाचा परिणाम थोड्या गोळ्यांत दिसतो; सूक्ष्म बदलाचा परिणाम असलाच, तरी तो सिद्ध करायला जेवढ्या गोळ्या लागतील तेवढ्यांत बॅरलच झिजू लागेल. प्रायमरच्या टंचाईचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

गोळी किती खोल बसवायची, याचा परिणाम काही गोळ्यांवर खरोखर होतो, त्यामुळे तेथे प्रयोगाला जागा आहे. आपल्या चेंबरमध्ये गोळी आट्यांना कोणत्या लांबीला टेकते ते मोजून घ्यावे आणि शिशाच्या गाभ्याच्या गोळीसाठी त्यापासून ०.०२० ते ०.०४० इंच मागे सुरुवात करावी. गोळी बसवण्याच्या दोन खोलींची तुलना करायची तर त्यांत निदान ०.०३० इंचाचा फरक असावा आणि प्रत्येकीला दहा गोळ्या द्याव्यात. गोळी आट्यांच्या जवळ नेताना दाब वाढू शकतो, म्हणून पावडर पुन्हा खालून सुरू करावी. टार्गेटवाल्या नेमबाजांचे पाहून गोळी आट्यांत रुतवून ठेवण्याचा मोह शिकाऱ्याने टाळावा. संध्याकाळी न झाडलेले काडतूस बाहेर काढताना गोळी आट्यांत अडकून राहते, पुंगळी तेवढी हातात येते आणि पावडर ॲक्शनमध्ये सांडते. त्या जागी अंधारात, थंडीत काय करावे लागते याची कल्पना केलेली बरी. शिवाय काडतूस मॅगझिनमध्ये मावले पाहिजे. .३०८ ची प्रमाण लांबी २.८१० इंच आहे आणि आखूड ॲक्शनच्या मॅगझिनमध्ये त्याहून फारशी जागा नसते.

हवामानाचा मुद्दा हंगामाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. आपण लोड जुलैच्या उकाड्यात ठरवता आणि बार करता तो गोठवणाऱ्या थंडीत. व्हार्गेट किंवा एच ४३५० सारख्या, तापमानाला कमी जुमानणाऱ्या पावडरी घेतल्या तर वेगातला फरक छोटा राहतो. याउलट हिवाळ्यात कमाल वजनाला आणलेला लोड उन्हाळ्यात, आणि त्यातही गाडीच्या डॅशबोर्डवर तापलेला, झाडणे धोक्याचे आहे. ऑक्टोबरअखेरीस एक टार्गेट बाजूला ठेवावे आणि रेंजवर जाल त्या प्रत्येक दिवशी थंड बॅरलमधून पहिली एकच गोळी त्यावर झाडावी. चार-सहा भेटींनंतर त्या कागदावर जो पसारा दिसेल, तो हरणासमोर आपल्या रायफलीचा, लोडचा आणि आपला स्वतःचा मिळून होणारा खरा पसारा असेल. दुर्बिणीचे झिरोही (नेम आणि गोळी एका जागी जुळवणारी मांडणी) तीन गोळ्यांवरून फिरवू नये. दहा गोळ्यांचा मध्य काढून मगच क्लिक द्यावेत.

कायद्याविषयी थोडे, कारण अमेरिकेतील मराठी मंडळींत याबद्दल गैरसमज असतात. स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला संघराज्याचा परवाना लागत नाही. विकायची झाल्यास लागतो. मात्र एच-१बी सारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना रायफलच नव्हे तर काडतुसेही बाळगण्यास मनाई आहे, आणि त्यातून सूट मिळण्याचा सर्वपरिचित मार्ग म्हणजे अमेरिकेतील एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. त्याची मुदत संपली की सूटही संपते. ग्रीन कार्डधारकांना ही अडचण नाही. सुट्टीत भारतात जाताना रिकामी पुंगळीसुद्धा सामानात राहू देऊ नये. विमानतळावर ती सापडली तर शस्त्र अधिनियम, १९५९ खाली चौकशीला तोंड द्यावे लागू शकते. भारतात विनापरवाना काडतुसे बनवणे हा त्याच अधिनियमाखाली गुन्हा आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हरणाच्या शिकारीचा प्रश्नच उद्भवत नाही, त्यामुळे वर लिहिलेले सर्व काही तेथील वाचकांसाठी केवळ माहितीपुरते आहे.

शेवटी नोंदी. प्रत्येक खोक्यावर गोळी व तिचा लॉट, पावडर व तिचा लॉट, वजन, प्रायमर, पुंगळीची कंपनी व ती कितव्यांदा भरली आहे, कंपॅरेटरने मोजलेली लांबी आणि तारीख लिहावी. पावडरचा नवा डबा दुसऱ्या लॉटचा निघाला तर निदान एक ग्रेन खाली येऊन पुन्हा चढावे. हंगामासाठी बाजूला काढलेली वीस काडतुसे आधी रेंजवर, बॅरल सुरक्षित दिशेला ठेवून आणि चापावर बोट न ठेवता, मॅगझिनमधून एकेक करून चेंबरमध्ये घालून काढावीत. एखादे जरी अडले तरी ते वेगळे ठेवून त्याचा खांदा आणि लांबी मोजावी.